सातवा रकाना

गणेशपेठेतून निघालेली एसटी देवलापारला सोडते,
पुढे ट्रस्टची जीप, आणि जीप जिथं मान टाकते
तिथून बेहडाटोला: चढ, दीड तास, एप्रिल.
माझ्या बगलेत फाइल, फाइलीत छापील तक्ता.
घरे अडतीस. संडास अडतीस. नळ एक, प्रस्तावित.
सातवा रकाना: लाभार्थ्याचे नाव व अंगठा.

पाटी आमच्याआधी पोचली होती,
संगमरवरी, कै. वत्सलाबाई खापर्डीकर यांच्या स्मरणार्थ,
मोहाच्या बुंध्याशी आडवी.
पाइप अजून इतवारीच्या गोदामात.
पाटीवर कुणीतरी तेंदूची पानं मोजत बसलं होतं,
सत्तर झाली की पुडा बांधायचा.

मी संडास तपासत गेलो.
पहिल्यात पोतंभर मोहफुलं.
दुसऱ्यात कोंबडी, अंड्यांवर, मला पाहून फुगली.
तिसऱ्याचं दार काढून जनकलाल सलामेनं
सासऱ्याला निजायला फळी केली होती;
म्हातारा पडल्यापडल्या म्हणाला, जय सेवा.
मी लिहिलं: वापर चालू.
तसं खोटं नव्हतं.

सुगरता उईके बोलली ती भांडायला म्हणून नाही,
हिशेब सांगावा तशी:
"एक गुंड मले, एक लेकराईले, एक बकरीले.
आन तुमच्या या खोलीले दोन!
माही बकरी दूध तं देते जी."

तिच्यामागून झिऱ्यावर उतरलो.
वाटेच्या कडेनं बांबूची ओळ, हाताच्या उंचीवर,
तिला पळसाच्या सालीच्या गाठी.
तीन गाठी म्हणजे वळण,
दोन म्हणजे निसरडा दगड,
एक लांब गाठ: इथं थांब, दम घे.
आंधळ्या फगुलालसाठी, त्याच्या बहिणीनं बांधलेल्या.
आमच्या अंदाजपत्रकात "सुगम वाट" होती,
पंचेचाळीस हजार, सिमेंटसह.
मी ते पान उलटंच धरलं.

झिरा म्हणजे परातीएवढा खड्डा.
वाटी टेकवायची, गढूळ खाली बसू द्यायचं, मग उचलायची.
एक गुंड, एकेचाळीस वाट्या.
पहिली तिनं माझ्यापुढे केली. येर, म्हणाली.
मनीषनगरात माझा कूलर
दिवसाला चार बादल्या पितो.
हे मी तिला सांगितलं नाही.
पाणी थंड होतं, दाताला माती लागली.

पाइप आला तो पुढच्या महिन्यात.
वरच्या झिऱ्यापासून टोल्यापर्यंत नऊशे मीटर,
खांद्याखांद्यावरून, काळा, वाकायला नाखूश.
अभियंता भोयर नकाशा उघडून उभे.
सगळ्यांत पुढे फगुलाल,
कारण वरच्या वाटेवरही गाठी होत्या
आणि त्या फक्त त्याला वाचता येत.
तोटी उघडली तेव्हा आधी वारा खोकला,
मग लाल पाणी, मग एक बेडकी,
बेडकीला पोरांनी टाळ्या दिल्या,
त्यानंतर आलेल्या पाण्याकडे कुणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी मी सातवा रकाना उघडला.
सुगरतानं विचारलं, लाभार्थी म्हंजे काय जी?
म्हटलं, ज्याला पाणी मिळालं तो.
"मंग तुमचं कुठी हाय?
त्या दिसी पेले ना तुमी."
आणि माझा अंगठा धरून
तिनंच शाईत दाबला.

धंतोलीच्या ऑफिसातून पत्र आलंय:
घरे अडतीस, अंगठे एकोणचाळीस,
तफावतीचा खुलासा करावा.
तीन दिवस मी खुलासा लिहितोय.
"सदर इसम तहानलेला होता" इथवर येतो,
खोडतो.
कूलर घरघरतोय, बायको म्हणते पाणी संपलं वाटतं,
मी उठतो, बादली घेतो.
नखाच्या कडेला अजून जांभळं आहे.